वीस वर्षांचा करार आणि जूनचा अर्ज

मे महिना संपत आला की आम्हा उर्दू शाळेच्या शिक्षकांची मोहल्ल्यातली फिरती सुरू होते. हातात वही, पर्समध्ये कोरे अर्ज आणि डोक्यावर ऊन. कोणाच्या घरात सहा वर्षांचे मूल आहे, कोणाचा जन्मदाखला राहिला आहे, कोणाच्या आधार कार्डावर नाव चुकले आहे, हे सारे आम्हाला पाठ असते. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते. पट साठपर्यंत असला तर दोन शिक्षक, एकसष्टावे मूल आले तर तिसरा. आमच्या शाळेत आम्ही तिघे आहोत. त्यामुळे ते एकसष्टावे मूल आमच्या स्वप्नातसुद्धा येते.

या वर्षी असेच फिरताना विडी वळणाऱ्या एका बाईंच्या घरी गेलो. सुपात पाने, तंबाखू, दोऱ्याचे रीळ आणि मांडीला टेकून बसलेली लहान मुलगी. आम्ही नेहमीचे सगळे सांगितले. मादरी जबानमधून शिकलेले मूल लवकर समजते, पुस्तके मोफत, गणवेश मोफत, दुपारचे जेवण आहे, पहिलीपासून मराठी आणि इंग्रजी दोन्ही आहेत. बाईंनी हात न थांबवता सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "बाजी, तुमारी बच्ची कां पढती?"

आमच्या सोबतच्या शिक्षिकेने घाईघाईने पाणी मागितले. आम्ही पाणी प्यायलो. मग खरे ते सांगितले. आमची मोठी मुलगी सातवीत आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नुसते "हां" म्हणाल्या आणि पुढची विडी वळायला घेतली. त्या "हां"ने आमची महिनाभर झोप घालवली. हा लेख त्या एका शब्दापायी लिहीत आहोत.

आमचे मरहूम अब्बाही उर्दू शाळेत शिक्षक होते. घरात एका लाकडी पेटीत 'पयाम-ए-तालीम'चे जुने अंक दोऱ्याने शिवून ठेवलेले असत आणि भिंतीवर डॉ. झाकिर हुसेन यांचे वर्तमानपत्रातून कापलेले छायाचित्र. 3 मे 1969 रोजी झाकिरसाहेबांचे राष्ट्रपतिपदावर असताना निधन झाले, तेव्हा अब्बा नुकतेच नोकरीला लागले होते. त्या दिवशी आपण जेवलो नाही, असे ते सांगत. अब्बांना राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे फारसे अप्रूप नव्हते. त्यांचे प्रेम होते ते जामियातल्या 'मास्टर' झाकिर हुसेन यांच्यावर. आम्हा भावंडांना गोष्टी ऐकायला मिळाल्या त्या परीच्या नव्हे, जामियाच्या.

त्या गोष्टी ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1920 साली असहकार आणि खिलाफतीच्या लाटेत अलीगढच्या कॉलेजातून काही विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले. सरकारी पैशावर चालणारे शिक्षण नको, आपले आपण उभे करू, असे म्हणून 29 ऑक्टोबर 1920 रोजी जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली. तेवीस वर्षांचे झाकिर हुसेन त्या बाहेर पडणाऱ्यांत होते. 1925 मध्ये जामिया दिल्लीला करोल बागेत आली, भाड्याच्या घरांत. तोवर असहकाराची चळवळ थांबली होती, खिलाफत तुर्कांनीच मोडीत काढली होती, आणि ज्या जोशावर ही संस्था उभी राहिली तो जोशच ओसरला होता. संस्था बंद करावी असा विचार बोलून दाखवला जात होता. तेव्हा बर्लिनमध्ये शिकणाऱ्या तीन तरुणांनी कळवले की आम्ही येतो, बंद करू नका. झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब. पहिले दोघे बर्लिनचे डॉक्टरेट, मुजीबसाहेब त्याआधी ऑक्सफर्डला शिकलेले. 1926 साली तिघे आले.

हकीम अजमल खाँ होते तोवर ते पदरचे घालून, कुठून कुठून मागून आणून खर्च भागवत. डिसेंबर 1927 मध्ये हकीमसाहेब वारले आणि सगळाच आधार गेला. डोक्यावर कर्ज, तिजोरी रिकामी. त्या काळात शिक्षकांच्या एका छोट्या गटाने लेखी शपथ घेतली: वीस वर्षे जामिया सोडणार नाही आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. दीडशे ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी घेतले जात असे आणि तेही दर महिन्याला हातात पडेल याची खात्री नसे. किराणा उधारीवर चाले. पुढे 'हमदर्दान-ए-जामिया' म्हणून एक योजना काढली, सामान्य माणसाकडून महिन्याला जमेल तेवढी वर्गणी. शफीकुर्रहमान किदवई त्यासाठी गावोगाव हिंडले. 1 मार्च 1935 रोजी ओखल्याला स्वतःच्या जागेवर पायाभरणी झाली तेव्हा कोनशिला बसवायला ना कुणी नवाब बोलावला, ना लाटसाहेब. शाळेतल्या सगळ्यांत लहान मुलाच्या हाताने ती बसवली.

हे ऐकताना आम्हा भावंडांच्या अंगावर काटा येई. अब्बांच्या डोळ्यांत तर पाणीच असे.

अम्मी मात्र चुलीशी बसून भाकरी थापत राहायच्या. त्यांनी जामियाच्या गोष्टी कधी फार मन लावून ऐकल्याचे आठवत नाही. अब्बांनी आयुष्यात शिकवणीचा एक पैसा घेतला नाही. संध्याकाळी अंगणात वीस-वीस मुले बसत, त्यांचा कंदिलाचा घासलेटचा खर्चही आमचाच. घरावर पत्रा होता तो आम्ही नोकरीला लागेपर्यंत पत्राच राहिला. अम्मींच्या दोन बांगड्या भावाच्या कॉलेजसाठी गेल्या, आमच्या बीएडसाठी कानातले. आम्ही एकदा मोठ्या तोऱ्यात म्हटले होते की अब्बांनी झाकिरसाहेबांसारखीच कुर्बानी दिली. अम्मी म्हणाल्या, "हो. पण शपथ त्यांनी घेतली, निभावली मी."

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या डोक्यात बसला आहे. करोल बागेत 1928 साली तो कागद सहीसाठी फिरला, तेव्हा घरातल्या बायकांना कुणी विचारले असेल का? वाण्याने उधारी बंद केली तेव्हा त्याच्या दारात कोणाला उभे राहावे लागले असेल? पुरुषांनी आठवणी लिहिल्या, त्यांत या बायकांच्या वाट्याला एखाद-दुसरी ओळ येते.

आणखी एक किस्सा आहे. पूर्वी शाळेच्या कार्यक्रमात आम्ही तो अभिमानाने सांगत असू. झाकिरसाहेब प्राथमिक शाळेच्या मुलांना मिठाई वाटत होते. कुणीतरी येऊन कानात सांगितले की धाकटी मुलगी रेहाना गेली. चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी मिठाई वाटणे पुरे केले. मुलांचा आनंद मोडू नये म्हणून. हा प्रसंग सांगताना टाळ्या मिळत. आम्ही स्वतः आई झाल्यानंतर तो सांगणे सोडून दिले. तो खोटा वाटतो म्हणून नव्हे. पण तेव्हा घरात त्या मुलीची आई काय करीत असेल, हे डोळ्यांपुढे येते आणि टाळ्यांचा आवाज नकोसा होतो. पुढे झाकिरसाहेबांनी मुलांसाठी कथा लिहिल्या त्या त्याच मुलीच्या, रुकय्या रेहानाच्या नावाने छापल्या. वाटते की ती मिठाई त्यांनी जन्मभर गिळली नसावी.

असो. जामियाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती अब्बा कधी सांगत नसत. आम्हाला ती पुढे वाचून कळली. जामियाच्या पदवीला ब्रिटिश सरकारची मान्यता नव्हती. मागितलीच नव्हती, तोच तर मुद्दा होता. म्हणजे तिथून पदवी घेऊन निघालेल्या मुलाला सरकारी नोकरीचे दार बंद. शिक्षकांचा त्याग मोठाच, त्यात शंका नाही. पण बर्लिन-ऑक्सफर्ड करून आलेला माणूस गरिबी निवडतो तेव्हा त्याच्या खिशात दुसरे दार उघडण्याची किल्ली असते. तो ती वापरत नाही, हे त्याचे मोठेपण. ज्या मुलाकडे किल्लीच नाही त्याचे काय? त्याने कोणती शपथ घेतली होती? अब्बांशी यावर वाद घालायला आता ते नाहीत.

झाकिरसाहेब स्वतः मात्र हा हिशेब विसरणारे नव्हते, हे वर्ध्याच्या हकिकतीवरून दिसते. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद घेतली. मुलांना हस्तोद्योगातून शिकवावे आणि मुलांच्या हातच्या मालातून शाळेचा, शिक्षकाच्या पगाराचा खर्च निघावा, अशी त्यांची कल्पना. गांधीजी अध्यक्षस्थानी, सभोवती त्यांचेच अनुयायी. अशा सभेत झाकिरसाहेबांनी उठून शंका काढली की कमाईवर भर दिला तर शिक्षक मुलांकडून राबवून घेणारा मुकादम होईल आणि गरिबाच्या पोराच्या कष्टावर शाळा चालेल. गांधीजींचे मोठेपण असे की अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी याच शंका काढणाऱ्याला दिले. डिसेंबरमध्ये अहवाल आला. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, आणि तेही मातृभाषेतून. पुढे ही बुनियादी तालीम जशी राबवली गेली त्यावर झाकिरसाहेब खूश नव्हते. पण मातृभाषेचा तो आग्रह आम्हा उर्दू शाळावाल्यांनी गळ्यातल्या तावीजासारखा जपला. आम्हीही जपला. बीएडच्या वर्गात त्यावर निबंध लिहिला, त्याला चांगले गुणही मिळाले.

मग मुलगी इंग्रजी शाळेत कशी गेली?

आमचे शौहर एका पतसंस्थेत कारकून आहेत. दहावीपर्यंत उर्दूतून शिकले, गणितात वर्गात पहिले. अकरावीला सायन्सला गेले. पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी फळ्यावर इंग्रजीत लिहायला सुरुवात केली, आणि 'मुसल्लस' म्हणजेच समोरचा 'ट्रँगल' हे कळायला यांना तीन दिवस लागले. ते सांगताना ते हसतात, पण त्या वर्षी ते नापास झाले, शाखा बदलली, आणि इंजिनिअर व्हायचे राहून गेले. मुलीच्या वेळी ते एवढेच म्हणाले, "तुझ्या उसूलांची फी एकदा मी भरली आहे. माझी मुलगी भरणार नाही." आम्ही भांडलो, रडलो आणि शेवटी ऐकले. खरे सांगायचे तर आत कुठेतरी सुटल्यासारखेही वाटले, कारण निर्णय त्यांनी घेतला असे आम्हाला म्हणता येत होते.

मुलगी हुशार निघाली. मराठी छान बोलते, इंग्रजी आमच्याहून चांगले. पण मागच्या रमजानमध्ये पेटीतले अंक उन्हात घालताना तिने एक हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारले, "अम्मी, नानांनी शेजारी पेन्सिलने काय लिहिलंय?" कुराणशरीफ ती नाजरा वाचते, अरबी हरफ ओळखते. पण अब्बांची शिकस्ता लिपीतली घाईची उर्दू तिला अजिबात लागेना. आम्ही वाचून दाखवले. अब्बांनी लिहिले होते, 'हा धडा मोठी झाल्यावर नातवंडांना वाचून दाखवणे.' धडा होता 'अब्बू खाँ की बकरी'.

उर्दूतून शिकलेल्या माणसाला ही झाकिरसाहेबांची कथा सांगावी लागत नाही. अल्मोड्याच्या अब्बू खाँच्या बकऱ्या एकामागून एक दोर तोडून डोंगरावर पळतात आणि लांडग्याच्या तोंडी पडतात. शेवटची चांदनी. तीही पळते, दिवसभर मोकळ्या रानात हुंदडते, आणि रात्री लांडगा आल्यावर पहाटेपर्यंत शिंगांनी झुंज देते. सकाळी ती मरून पडते. झाडावर पक्ष्यांचा वाद चालतो, जिंकले कोण? सगळे म्हणतात लांडगा. एक म्हातारा पक्षी म्हणतो, चांदनी.

आम्ही ही कथा वर्गात दरवर्षी सांगतो आणि पक्ष्यांचा प्रश्न मुलांना विचारतो. बहुतेक मुले म्हाताऱ्या पक्ष्याच्या बाजूची असतात, कारण आम्हाला तेच उत्तर हवे आहे हे त्यांना ठाऊक असते. मुले फार हुशार असतात. या वर्षी मात्र चौथीतला एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, अब्बू खाँचं काय? त्याचे दूध बंद झालं ना?" त्याचे वडील दोन म्हशी पाळतात. वर्ग हसला. आम्हाला बीएडला शिकवलेल्या कोणत्याच पद्धतीत याचे उत्तर नव्हते. आम्ही म्हटले, बस खाली, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी त्याने आठवण केली नाही, आम्हीही केली नाही.

मुलीला मात्र ती कथा पूर्ण वाचून दाखवली. तिने उत्तर दिले नाही. तिने म्हटले, "मला हे वाचायला शिकव." तेव्हापासून मगरिबनंतर अर्धा तास ती उर्दू वाचते. कधी कंटाळते, कधी मोबाइल घेऊन बसते. 'काफ' आणि 'गाफ' यात अजून गल्लत होते.

आता धाकट्याची पाळी आली होती. या जूनमध्ये तो सहा पूर्ण करणार. मुलीच्या शाळेने फॉर्म घरी पाठवला होता, भावंडांना सवलत होती. शौहरांनी रक्कम बाजूला काढून ठेवली होती. विडीवाल्या बाईंच्या त्या "हां"नंतर आम्ही चार दिवस गप्प होतो, आणि पाचव्या दिवशी रात्री म्हटले की त्याला आपल्या शाळेत घालू या. चौथीपर्यंत. आता सेमी-इंग्रजी आहे, गणिताच्या इंग्रजी संज्ञा आम्ही पहिल्या दिवसापासून सांगू, 'मुसल्लस'चा तमाशा पुन्हा होणार नाही. पाचवीला पुन्हा बसून ठरवू. शौहर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे त्या बाईला तोंड दाखवता यावं म्हणून आहे, की पोरासाठी?"

आम्ही म्हणालो, माहीत नाही. दोन्ही असेल. पटासाठीही असेल, तिसऱ्या जागेचा जीव त्यात अडकला आहे. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सुनावले की लोक पुढे जातात आणि आमची सून मागे. नणंदेने फोन करून विचारले की पैशाची अडचण आहे का, असेल तर सांगायचे होते. लग्नात हॉल न घेता मशिदीत निकाह लावला तेव्हाही अगदी याच आवाजात हाच प्रश्न आला होता. आदर्शासाठी काही केले की आपल्या लोकांना आधी गरिबीच दिसते.

एक अर्ज आमच्या मुलाचा भरला आणि तो वहीत ठेवून पुन्हा त्या बाईंकडे गेलो. या वेळी बोलण्यात जरा जोर होता, हे कबूल करतो. "आपा, आमचा मुलगाही याच शाळेत येतोय. हा बघा अर्ज." त्यांनी अर्ज हातात घेतला, तंबाखूचा डाग पडू नये म्हणून बोटाच्या टोकांनी धरला आणि परत दिला.

"अच्छा किये बाजी," त्या म्हणाल्या. मग जे म्हणाल्या ते मराठीत असे: तुमचा मुलगा कुठेही शिकला तरी त्याच्या घरात शिकवणारी दोन माणसे आहेत. शाळेत राहिले ते तुम्ही घरी पुरे कराल. माझ्या पोरीला घरात कुणी नाही. तिला जे मिळायचे ते शाळेतच. मी थोरल्याला उर्दूत घातले, तो आता गॅरेजवर आहे. हिच्या बाबतीत मला दुसरे काही करून बघू दे.

आम्ही सांगू शकलो असतो की गॅरेज आणि उर्दूचा संबंध नाही. घरात इंग्रजीचा शब्द नसताना त्या शाळेत तिचे काय हाल होतील, हे सांगू शकलो असतो. आधीच्या एकीची मुलगी अशीच पाचवीत परत आमच्याकडे आली, धड इंग्रजी नाही, धड उर्दू नाही. यातले थोडे बोललोही. बाई ऐकत होत्या, हात चालू होते. हजार विड्यांची मजुरी आणि महिन्याची फी यांचा हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला होता, तो आमच्यापुढे मांडला. त्यात चूक काढता आली नाही. निघताना त्यांनी चहा केला.

शाळा सुरू झाली आहे. पट सध्या अठ्ठावन्न आहे, त्यात आमचा एक. पहिल्या दिवशी गुलाबाचे फूल देऊन नवी मुले आत घेतात, तेव्हा आमचा मुलगा आम्हाला "अम्मी" म्हणाला आणि वर्ग हसला. त्याला सांगितले आहे की दहा ते पाच आम्ही मॅडम आहोत. तो दर दहा मिनिटांनी विसरतो.

सकाळी दप्तर, डबे, हजेरीपट घेऊन आम्ही दोघे चालत निघतो, तेव्हा कोपऱ्यावर पिवळी व्हॅन उभी असते. टाय नीट करत विडीवाल्या बाईंची मुलगी तिच्यात चढते. खिडकीतून ती आमच्या मुलाला हात करते, आणि हा फूटपाथवरून ओरडून तिला विचारतो की आज डब्यात काय आहे.